जीपचा सुस्कारा

आमची जीप पहिल्यांदा बंद पडली ती औंधच्या वाटेवर, पुसेसावळीच्या अलीकडं, एका चढाच्या बरोबर मध्यावर. मला इतका राग आला की मी खाली उतरून तिच्या टायरला लाथ घातली. लागलं मलाच. आबा, म्हणजे माझे वडील, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते. दमली असेल, बसू जरा, असं म्हणाले आणि खरंच बसून राहिले.

बसू जरा म्हणजे किती वेळ, हे सगळी नोकरी फौजेत गाड्या चालवण्यात काढलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नसतो. त्यांना थांबायची सवय असते. मला नाही. माझा राग कायम नाकावर असतो असं नवरा म्हणतो, आणि तो स्वतःही फौजेत असल्यामुळं वर्षातले दहा महिने सुरक्षित अंतरावर असतो. मी माहेरी, कुंडलला, आबांजवळ राहते आणि ऊस बघते. आईला जाऊन चार वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच.

जीप घेतली ती पाणंदीपायी. आमचं रान ओढ्याच्या पलीकडं, आणि तिकडं जाणारी पाणंद पावसाळ्यात अशी होते की पाय निघतो, चप्पल तिथंच राहते. खताची पोती डोक्यावरून न्यायची, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडायचं. चारी चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे, हे आबा कितीतरी वर्षं म्हणत होते. शेवटी कवठे महांकाळकडच्या एका द्राक्षबागायतदाराची जुनी डिझेल जीप विकायची आहे असं कळलं आणि आम्ही बघायला गेलो.

ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, अंगावर बोटभर धूळ घेऊन. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला, तेवढं एक सोडलं तर काही खोट दिसेना. मालकानं चावी फिरवली. आबांनी खिशातून त्यांचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. फौजेत त्यांचे साहेब लोक म्हणे दुसऱ्या गाड्यांचं दुखणंसुद्धा त्यांना बोलावून विचारायचे, आणि आबा असेच डोळे मिटून सांगायचे. त्या शेडमध्ये मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांचं तोंड असं सैल झालेलं दिसलं. जीप मी तिथंच घेऊन टाकली, आणि खरं सांगायचं तर पाणंदीपेक्षा त्या तोंडासाठी घेतली.

पुढं पंधरा दिवस ती सशासारखी पळाली. मग बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, आला.

आमच्या गोठ्यात आता बैल नाहीत. शेवटची जोडी आई असतानाच गेली. पण आबांना बेंदराला स्वस्थ बसवत नाही. त्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी जीप ओढ्यावर नेऊन धुऊन आणलेली, आरशांना गोंडे बांधलेले, आणि बैलांच्या शिंगांना लावायचा जुन्या डब्यातला लाल रंग घेऊन ते चाकांच्या मधल्या बशा रंगवत होते. बंपरचे दोन्ही हूक रंगवून झाले होते. शिंगंच की ती. मग डिझेलच्या टाकीचं झाकणही त्यांनी दोन-दोन हात देऊन लालभडक केलं. मी हसायला लागले तर म्हणाले, त्वांड नको व्हय रंगवाया? मी बॉनेटपुढं पुरणपोळी ठेवली. उगीच खोटं कशाला बोला, मलाही बरं वाटलं.

नवी गाडी आधी कुलदेवतेला न्यायची, ही आमच्याकडची रीत. आमची देवी औंधची यमाई. बेंदूर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात निघालो आणि मघाशी सांगितलं तसं चढावर अडकलो. आधी तिची ओढ गेली, मग दोन आचके दिले आणि गप. आबांनी बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर कानामागं लावून मला स्टार्टर मारायला लावला, डिझेल ओढणारा इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबून बघितला. काटा चालत नसल्यामुळं टाकीचं झाकण काढून आत बांबूची काडी घातली आणि डिझेल किती आहे ते बघितलं. डिझेल भरपूर होतं. अर्ध्या तासानं चावी फिरवली तर जीप सुरू. काही झालंच नव्हतं अशी सुरू. पुढं जायचा धीर मात्र झाला नाही. देवीला तिथूनच हात जोडले आणि परत फिरलो. परत येतानाही एकदा बसली.

त्यानंतर हे रोजचं झालं. रानात जाऊन येईपर्यंत काही व्हायचं नाही. लांब निघालं की अर्ध्या-पाऊण तासानं आचके, थांबणं, आबांची तीच पूजा, बॉनेट, स्क्रू ड्रायव्हर, हातपंप, झाकण, काडी, आणि मग बाईसाहेब सुरू.

हळूहळू मला त्या थांबण्याची सवय लागली. नाही म्हटलं तरी लागलीच. चालत्या गाडीतून जे दिसत नाही ते थांबलेल्या गाडीत बसलं की आपल्या पायानं जवळ येतं. समोरच्या काचेवर श्रावणातलं बारीक पाणी जमायचं, त्यातून डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायच्या, इतक्या सावकाश फिरणाऱ्या की एक पातं वर जाईपर्यंत माझा डोळा लागायचा. सोयाबीनच्या रानावरून ढगाची सावली यायची, आमच्या अंगावरून जायची, पलीकडच्या रानात शिरायची. अर्धवट झोपेत मला कधी वाटायचं की मागच्या सीटवर आई बसलीय, मांडीवर डबा घेऊन. तिला हळू बोलायची सवय होती. ती काय म्हणाली ते नीट ऐकू यायचं नाही, पण बोलली एवढं कळायचं. मग आबा झाकण उघडायचे. जीप एक लांब सुस्कारा टाकायची, आणि मी जागी व्हायचे. तो सुस्कारा मला आवडायला लागला होता. आता निघायचं, असं तो सांगतो असं वाटायचं.

आबांनाही त्या थांब्यांवर बोलणं सुचायचं. बहुतेक वेळा आईचंच. घर लय गप झालंय बघ तिच्या माघारी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भांड्यांचा आवाज न्हाई, पाखरांचा न्हाई, पावसाचासुदिक न्हाई, असं म्हणायचे. मी हो म्हणायचे. यावर काय वाद घालायचा?

वाद दुसऱ्याच गोष्टीवरून होता, आणि तो मोठा होता. आबांना ऐकू येईनासं झालं होतं. फोनवर एक विचारावं तर दुसरंच उत्तर. टीव्ही असा लावायचे की ओढ्यापलीकडं बातम्या कळाव्यात. मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलत बोलत सगळ्या जगाशीच मोठ्यानं बोलायला लागले. कान तपासून घेऊ, मशीन बसवून घेऊ, असं म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. इंजिनातला केसाएवढा फरक मला कळतो, आन् तू मला भैरा म्हणतीस?

आणि मग पाणंदीतला तो दिवस. आबा चिखलात वाकून जीपला दोर बांधत होते. शेजारच्यांचा ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये मागं येत होता. चालकाला मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून तो सरका, सरका म्हणून ओरडत होता, हॉर्न दाबत होता. आबांनी मानसुद्धा वर केली नाही. मी बांधावरून पळत गेले आणि त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना ओढलं. दोघंही चिखलात पडलो. ट्रॅक्टरचं मोठं चाक आबांच्या चपलेवरून गेलं.

त्या संध्याकाळी मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आबा चहाचा कप हातात घेऊन ऐकत होते, म्हणजे बघत होते माझ्या तोंडाकडं. शेवटी त्यांनी बोली केली. जीपचं दुखणं त्यांनी स्वतः शोधलं, तर मी पुन्हा कधी कानाचं नाव काढायचं नाही. नाही शोधलं, किंवा दुसऱ्या कुणी शोधलं, तर ते मुकाट्यानं सांगलीला कानाच्या डॉक्टरकडं येणार. मी तावातावानं हो म्हणाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की आपण कसल्या फासात पाय घातलाय. ते जिंकले तर एखादा ट्रॅक्टर त्यांना घेऊन जाणार. हरले तर उभ्या आयुष्यात जी एक गोष्ट त्यांची म्हणून होती, ती मी त्यांच्याकडून काढून घेणार. त्यांनी हरावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते हरताना मला बघवणार नव्हतं.

तरी मी लबाडी केलीच. सर्व्हिसिंगच्या नावाखाली जीप सांगलीच्या एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. जाताना वाटेत एकदा बसलीच. आबा बरोबर होतेच, पहारा दिल्यासारखे. मिस्त्रींनी डिझेलचा फिल्टर बदलला, पाइप फुंकून बघितले, पंप बघितला आणि शहरात दोन चकरा मारून आणल्या. शहरातला रस्ता सपाट, चक्कर दहा मिनिटांची. जीप कशाला बंद पडतेय? गाडी एकदम झकास आहे म्हणाले. आबा लांब जाऊन चहा पीत होते तेव्हा मिस्त्री मला हळूच म्हणाले, की तुमचे वडील इंजिन कानानं नाही, हाडानं ऐकतात. त्यांचे स्वतःचे वडीलही म्हणे शेवटी असंच करायचे. हाडातून धडधड कळते, पण वाऱ्यावरचा आवाज जातो. मी मान डोलावली. आबा आमच्याकडंच बघत होते.

दुसऱ्यांदा औंधला निघालो तो श्रावणातला सोमवार होता. सकाळी लवकर निघालो. उसावरून धुकं उठत होतं आणि रस्ता त्यात थोडा थोडा उलगडत होता, पुढं काय आहे ते त्यालाही माहीत नसल्यासारखा. मी गाडी चालवायला मागितली, आबांनी दिली नाही. कडेगाव मागं पडलं.  पुसेसावळीच्या अलीकडं, त्याच चढावर, जिपेनं आचके दिले आणि आबांनी तिला कडेला घेतलं.

मी उतरलेसुद्धा नाही. डोकं सीटला टेकलं आणि पवनचक्क्या बघत राहिले. आबांचं सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं, बॉनेट, स्क्रू ड्रायव्हर, पंप. मागं झाकण फिरवल्याचा आवाज आला आणि मग तो लांब सुस्कारा. मला झोप लागत होती. मी हसून सवयीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "टाकला बघा सुस्कारा. आता निघंल."

"कुणी टाकला?" आबा काडी हातात धरून खिडकीपाशी आले.

जीपनं, मी म्हणाले. झाकण काढलं की रोज टाकते की.

 मग त्यांनी विचारलं, कसा? करून दाव. मला हसू आलं, पण त्यांच्याकडं बघितल्यावर ते जागेवरच राहिलं. मी तोंडानं तो आवाज करून दाखवला. ओठ मिटून त्यांनी माझं तोंड नीट बघितलं.

"वारा आत जातोय का भाईर येतोय?"

"आत. वढून घेतल्यागत."

कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पहिल्यांदा बंद पडली तेव्हापासून. रोज.

आबा मागं गेले. झाकण घट्ट लावलं, येऊन बसले, चावी फिरवली. जीप सुरू झाली. मला वाटलं रागावले. ते गाडी चालवत होते, पण डोळे रस्त्याच्या फार पलीकडं कुठंतरी होते. पुसेसावळी गेली. धुकं विरलं. यमाईचा डोंगर दिसायला लागला, आधी नुसता ढगासारखा आणि मग खरा, वर देऊळ असलेला. पायथ्याच्या चढाला लागलो आणि जिपेनं पुन्हा आचका दिला. आबांनी शांतपणं ती बाजूला घेतली. या खेपेला बॉनेट उघडलं नाही. सरळ मागं गेले आणि मला बोलावलं.

टाकीच्या झाकणाजवळ ते वाकले. डावा कान झाकणाला जवळजवळ चिकटवला. देवळात गाभाऱ्यापुढं वाकतात तसे वाकले होते. मला म्हणाले, उघड.

मी झाकण फिरवलं. नेहमीपेक्षा मोठा, लांबलचक सुस्कारा. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं वळून बघितलं.

आबा तसेच वाकलेले. मग त्यांनी मान वळवली आणि खालूनच माझ्याकडं बघितलं.

"वाजलं?"

 एवढं एक खोटं बोलावं असं मनात आलं. नाही वाजलं, म्हणावं. पण त्यांनी माझं तोंड आधीच वाचलं होतं.

"वाजलं, आबा."

ते उठून उभे राहिले. झाकण माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं केलं, लाल रंगावरून अंगठा फिरवला. मग माझ्या बांगडीतली पिन मागितली. पिनेच्या टोकानं त्यांनी एका जागी रंग खरवडला, आणि खाली एक बारीक भोक निघालं, मोहरीपेक्षाही लहान. त्यातून त्यांनी आभाळाकडं बघितलं.

मला समजावून सांगितलं ते अगदी घरगुती. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. दुसरं नसलं तर तेल येत नाही. तसंच हे. डिझेल जेवढं खाली जाईल तेवढा वारा वरून आत यायला पाहिजे. भोक रंगानं बुजलं होतं. अर्धा तास चालली की टाकीतलं वारं संपायचं आणि टाकीच डिझेल धरून ठेवायची. आम्ही थांबायचो, आबा काडी घालायला झाकण काढायचे, वारा आत जायचा, जीप सुरू व्हायची. तिला विश्रांती कधीच लागत नव्हती.

बेंदराचा रंग, मी म्हणाले.

"मुसकं घातलं की आपनच तिला," आबा म्हणाले. उभ्या पिकात बैलानं तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ती मुसकं. ते थोडं हसलेसुद्धा. मला मात्र हसता येईना. महिनाभर तो आवाज मी ऐकत होते. मला धड ऐकू येत होतं आणि ऐकू येऊन मी काय दिवे लावले? झोपा काढल्या. आणि ज्या माणसाला तो एकदा ऐकू आला असता तर पहिल्याच दिवशी चढावरच सगळं उमगलं असतं, तो रोज स्वतःच्या हातानं झाकण उघडत होता, आवाजाला सगळ्यात जवळ उभा राहून.

देवळापर्यंत जीप एका दमात चढली. आबांनी देवीपुढं नारळ फोडला, जीपच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मग आम्ही कठड्यावर बसलो. खाली औंध गाव, त्याच्या पलीकडं हिरवी-करडी रानं, आणि त्यावरून चाललेल्या ढगांच्या सावल्या. देवळाच्या मागच्या झाडावर चिमण्यांनी नुसता गलका मांडला होता.

दुखणं कुणी शोधलं, असं आबांनी विचारलं. तुमीच, मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

"मग बोली म्हंजी बोली. कानाचं नाव तू काढायचं न्हाई."

न्हाई काढत, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माझ्या डोळ्यांपुढं चिखलातली ती चप्पल आली. मी मान वळवून चिमण्यांकडं बघायला लागले. त्यांनीही मी कुठं बघते ते बघितलं. त्या झाडावर ढिगानं चिमण्या होत्या, चोची उघडत होत्या, मिटत होत्या. आबा बराच वेळ त्यांच्या चोचींकडं बघत राहिले.

"वरडत्यात व्हय त्या?"

मी मान हलवली.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीची घडी सारखी केली, परत मोडली.

"तू काढू नगंस नाव. मीच काढतो," ते म्हणाले. "उद्या सांगलीला जाऊ." आणि मग, माझ्याकडं न बघता, पहिल्यांदाच इतक्या हळू की मलाच पुढं वाकून ऐकावं लागलं, "मला वाटलं, तुजी आय गेली म्हणून घर गप झालं."